पलंगाजवळचा पॉइंट

१

घर विकून चाकांवरच्या घरात राहायला जाणारी माणसं एक तर गडगंज असतात, नाही तर थोडी चक्रम, असं अण्णांच्या मेहुण्याचं ठाम मत होतं. अण्णा गडगंज नव्हते. बत्तीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवून ते निवृत्त झाले आणि चौथ्याच महिन्यात त्यांना घराच्या भिंती खायला उठल्या. एक जुनं मोटारहोम नजरेत भरलं. आत पलंग, ओटा, टेबल, न्हाणीघर, सगळं आगपेटीत बसवल्यासारखं. बायकोला दाखवायला नेलं, तर ती पायरी चढून थेट पलंगावर जाऊन आडवी झाली आणि म्हणाली, "घ्या. नाही तरी मला आता जिने चढवत नाहीत."

बायको नर्स होती. हॉस्पिटलात तिला सगळे सिस्टर म्हणत, शेजारीपाजारीही सिस्टरच म्हणत. "आख्ख्या जगात मी एकटाच, ज्याला तिला त्या नावानं हाक मारायची सोय नाही," हा अण्णांचा ठेवणीतला विनोद. तो ऐकून सिस्टर अजूनही हसायच्या. पण गेली दोन वर्षं हसल्या की त्यांना धाप लागायची. फुप्फुसं कडक होत चालली होती. औषधानं वेग कमी झाला होता, इतकंच.

पलंगाच्या पायथ्याशी त्यांचं ऑक्सिजनचं मशीन असे, साधारण शिवणाच्या डब्याएवढं. त्याची बारीक नळी नाकाशी. सिस्टरनी श्वास आत ओढला की मशीनला ते कळायचं आणि ते 'फस्स' करून एक झुळूक सोडायचं. श्वास ओढला नाही, तर मशीन गप्प. दिवसरात्र तोच आवाज. फस्स... फस्स... अण्णांना आता त्याशिवाय झोप लागत नसे.

त्या आठवड्यात त्यांची गाडी एका तलावाकाठच्या मैदानात उभी होती. अशा गाड्यांसाठीच केलेलं मैदान. प्रत्येक जागेजवळ एक लोखंडी खांब, खांबावर वीज, खाली नळ. हंगाम संपलेला असल्यामुळे बाकी सगळ्या जागा रिकाम्या होत्या. रखवालदार खालच्या वस्तीत राहायचा आणि एक दिवसाआड चक्कर टाकायचा. कालच येऊन गेला होता.

सकाळी नऊला अण्णांनी किटलीत पाणी ठेवलं. ते उकळायच्या बेतात आलं आणि किटलीचा दिवा विझला. पाठोपाठ मशीनची लांबलचक शिट्टी वाजली. वीज गेली, आता माझ्या बॅटरीवर आहे, असं त्या शिट्टीचं म्हणणं.

"बघा हो जरा," सिस्टर म्हणाल्या. घाबरल्या नव्हत्या. पण लगेच मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, ते अण्णांच्या नजरेतून सुटलं नाही.

२

मशीनची बॅटरी जुनी झाली होती. पाऊण तास, फार तर. एक सिलिंडर होता, तोही अर्धा. म्हणजे आणखी दोन तास धरा. सर्वांत जवळचं हॉस्पिटल अडीच तासांवर, सगळा वळणांचा उतार, आणि बाहेर धुकं इतकं, की खांब चार पावलांवर असून दिसत नव्हता. बत्तीस वर्षांत अण्णांच्या हातून एकही अपघात झाला नव्हता, आणि त्याचं एकमेव कारण म्हणजे असल्या धुक्यात त्यांनी गाडी कधी बाहेर काढली नव्हती.

त्यांनी मेहुण्याला फोन लावला. सिस्टरचा धाकटा भाऊ, पेशानं वायरमन. अण्णांच्या गाडीला नावं ठेवायची एकही संधी तो सोडत नसे. आज मात्र त्यानं एक अक्षर वावगं काढलं नाही.

"दाजी, आतले दिवे लागतायत?"

"लागतायत."

"ते गाडीच्या बॅटरीवर असतात. फक्त पॉइंट मेलेत ना? किती आहेत सगळे?"

"ओट्याजवळ दोन, टेबलाजवळ एक, न्हाणीघरात एक, टीव्हीमागे एक. पाच. सगळे बंद."

"आणि माझ्या उशीमागचा," सिस्टर आतून म्हणाल्या.

"तो गाडी घेतली त्या दिवसापासून बंद आहे गं. तो धरू नकोस."

मेहुण्यानं सांगितलं तसं अण्णा करत गेले. भिंतीतल्या विजेच्या पेटीतले खटके खाली-वर केले. काही नाही. न्हाणीघरातल्या पॉइंटवर एक छोटं बटण होतं. पाणीबिणी लागून करंट झिरपला, की ते बटण सुटतं आणि पुढचे सगळे पॉइंट मरतात. ते दाबलं. काही नाही. बाहेर जाऊन खांबावर टेस्टर लावला, तर तो लख्ख पेटला.

"म्हणजे खांब ठीक आहे. दुखणं गाडीच्या पोटात आहे," मेहुणा म्हणाला. "आता पेटी उघडायची. पण त्याआधी खांबातून केबल काढा. इन्व्हर्टर बंद करा. काढल्याशिवाय हात लावलात, तर ताईला मी काय तोंड दाखवू?"

अण्णांनी इन्व्हर्टरचं बटण बंद केलं. बाहेर जाऊन जाडजूड केबल खांबातून उपसली आणि तिचं तोंड ओल्या गवतावर ठेवून दिलं. हात पँटला पुसत ते पायरी चढले.

आतून सिस्टरचा आवाज आला. "आली बघा! हिरवा दिवा लागला."

"कुठे?"

"इथेच. बाकीचे बंद आहेत, म्हणून मशीनचा प्लग उशीमागे लावून बघितला. शहाण्यासारखा चालू झाला."

अण्णा पायरीवर थांबले. त्यांनी मागे वळून बघितलं. केबलचं तोंड गवतावर पडलेलं होतं.

३

"मशीन आपल्याच बॅटरीवर चालत असेल, दाजी."

अण्णांनी मशीनची बॅटरी काढून हातात घेतली. मशीन चालूच राहिलं. हिरवा दिवा, फस्स, फस्स.

"इन्व्हर्टर?"

"बंद आहे. माझ्यासमोर आहे."

"मीटर आहे ना जवळ? ताईला दोन मिनिटं सिलिंडर लावा, प्लग काढा, आणि मीटरच्या दोन्ही सुया पॉइंटमध्ये घाला. आकडा सांगा."

"शून्य."

"मीटर बिघडलंय. गाडीच्या बॅटरीला लावून बघा."

"बारा पॉइंट सहा."

अण्णांनी टेबलावरचा दिवा आणून त्या पॉइंटला लावला. लागला नाही. फोनचा चार्जर लावला. नाही. मशीनचा प्लग पुन्हा घातला, तर हिरवा दिवा.

"दाजी," मेहुणा जरा हळू आवाजात म्हणाला, "असं होत नसतं."

"मला काय सांगतोस? मी काय हौसेनं करतोय?"

"एक काम करा. पॉइंटची पट्टी खोला आणि मागे कुठल्या वायरी आल्यात ते बघा."

अण्णांनी दोन स्क्रू काढले. पट्टी हळूच पुढे ओढली, मशीनचा प्लग तसाच ठेवून. मागे पितळेच्या तीन फटी होत्या, वायरी कसण्यासाठी. तिन्ही कोऱ्या होत्या. स्क्रूवर पेचकस फिरवल्याचा ओरखडासुद्धा नव्हता. त्या पॉइंटला कधीही, कुणीही वायर जोडलेली नव्हती.

आणि त्यामागे, लाकडात, अंगठा जाईल एवढं एक भोक होतं.

अण्णांनी तिथे तळहात धरला. ऊबदार वारा लागला. मग तो थांबला आणि उलटा फिरला, आत ओढल्यासारखा. मग पुन्हा बाहेर.

बाहेरच्या धुक्याचा वारा असणार, त्यांनी मनाशी म्हटलं. पत्र्याला कुठे तरी फट असेल. धुकं थंडगार होतं आणि हा वारा ऊबदार होता, हे त्यांच्या लक्षात आलं, पण त्यांनी ते बाजूला सारलं. बाहेर जाऊन त्यांनी गाडीची ती बाजू चाचपली. भिंतीची जाडी फार तर तीन बोटं. बाहेरून अखंड पत्रा. गार, ओला, गुळगुळीत.

आत येईपर्यंत फोन कटला होता. रेंज गेली होती. मनातून त्यांना सुटल्यासारखंच वाटलं. मेहुण्यानं विचारलं असतं, आणि त्यांना सांगावं लागलं असतं. त्यांनी पट्टी पुन्हा बसवली आणि स्क्रू कसून टाकले.

४

पेटीतलं दुखणं मात्र साधं निघालं. सगळ्या न्यूट्रल वायरी जिथे एकत्र कसल्या होत्या, तिथली मुख्य वायर ढिली होऊन काळी पडली होती. अण्णांनी जळलेलं टोक कापलं, नवं सोललं, घट्ट कसलं. केबल खांबात घातली. ओट्याजवळची किटली गुरगुरायला लागली. न्हाणीघर, टीव्ही, टेबल, पाचही पॉइंट जिवंत. एकूण दीड तास लागला होता.

"झालं गं," ते हात पुसत म्हणाले. "आता मशीन इकडे टेबलाजवळ घेऊ."

सिस्टर पलंगावर ताठ बसून केस विंचरत होत्या. अण्णा बघतच राहिले. दोन वर्षांत त्यांना हात वर करून केस विंचरता आले नव्हते. दोनदा फणी फिरवली, की दम लागायचा, मग अण्णा विंचरून द्यायचे, आणि भांग वाकडा आला म्हणून बोलणी खायचे.

"हे बघा," त्या म्हणाल्या आणि बोटाला लावलेला ऑक्सिमीटर पुढे केला.

नव्व्याण्णव.

"काही तरी चुकतंय," सिस्टर म्हणाल्या. "गेल्या दोन वर्षांत आकडा एक्याण्णवच्या वर गेला नाही कधी. तुमच्या बोटाला लावा."

अण्णांच्या बोटाला सत्त्याण्णव आला. यंत्र बरोबर होतं.

सिस्टरचे ओठ गुलाबी झाले होते. नखं गुलाबी झाली होती. अण्णांना आठवेना, हा रंग शेवटचा कधी बघितला होता.

"इकडे घेऊ ना मशीन?" त्यांनी विचारलं. स्वतःच्याच आवाजात त्यांना फारसा जोर वाटला नाही.

"जरा थांबा ना. इथे बरं वाटतंय."

अण्णा थांबले. पुढे कित्येकदा त्यांनी हा क्षण मनात उलटापालटा करून बघितला. कोऱ्या फटी त्यांनी डोळ्यांनी बघितल्या होत्या. ऊबदार वारा हाताला लागला होता. चार पावलांवर चांगला चालू पॉइंट होता. तरीही त्यांनी चहा केला, दोन कप, आणि पलंगाच्या कडेला बसून त्यांच्याशी गप्पा मारल्या. सिस्टर न थांबता बोलत होत्या. वॉर्डातली जुनी मेट्रन, तिची चालण्याची ढब, एका पेशंटनं खिडकीतून पळवलेली व्हीलचेअर. हसल्या, आणि धाप लागली नाही. वीज कुठून का येईना, अण्णांच्या मनात आलं. कुठून का येईना.

५

बाराच्या सुमारास सिस्टर बोलता बोलता थांबल्या.

"अहो, ऐका."

"काय?"

"मशीन ऐका."

फस्स... फस्स... फस्स...

"मी आता श्वास रोखते," त्या म्हणाल्या. बोलून झाल्यावर ओठ मिटून त्यांनी छातीवर हात ठेवला आणि अण्णांकडे बघत राहिल्या. छाती हलत नव्हती.

फस्स.

सिस्टरनी घड्याळ समोर धरलं आणि नाडी मोजताना धरायच्या तसा चेहरा केला. एक मिनिट गेलं. "माझे सोळा," त्या म्हणाल्या. "मशीनचे बत्तीस. माझ्या दोन श्वासांच्या मधे एक जास्तीचा."

"बिघडलं असेल."

"मघापासून मोजतेय मी. तासाभरापूर्वी तो जास्तीचा श्वास लांब होता, शांत. झोपलेल्या माणसासारखा. तुम्हाला सांगितलं नाही, म्हटलं उगाच घाबराल." त्यांनी नाकातली नळी काढून गादीवर ठेवली. गादीवर पडल्या पडल्या नळी फुसफुसत राहिली. "आता तो तसा नाहीये. आता कसा येतोय, ऐका."

अण्णांना काही कळत नव्हतं. त्यांनी कान भिंतीला लावला. उशीमागे, पट्टीच्या फटींतून, बारीक आवाज येत होता. पाण्यातून बुडबुडे निघावेत तसा. मग बराच वेळ काही नाही. मग घाईघाईनं तीन-चार, एकावर एक. पुन्हा काही नाही.

"हे मी तीस वर्षं ऐकलंय," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज घरचा राहिला नव्हता, वॉर्डातला झाला होता. "नातेवाइकांना बोलवा, असं आम्ही तेव्हा सांगायचो."

"कुणाबद्दल बोलतेस तू?"

"मला काय माहीत! पण कुणी तरी आहे तिकडे. माझा आकडा चढतोय आणि त्याचा उतरतोय. कळत नाही का तुम्हाला?"

"अगं, भिंत तीन बोटांची आहे. मी बाहेरून बघून आलोय."

"मी तुम्हाला भिंतीचं विचारत नाहीये."

त्या उशीकडे वळल्या. अण्णांनी त्यांचा हात धरला. का धरला, ते त्यांना तेव्हाही ठाऊक होतं, आणि सिस्टरनाही. त्या गुलाबी हाताकडे दोघांनीही बघितलं.

"एक्याण्णवात मी दोन वर्षं काढलीत," सिस्टर म्हणाल्या. "आणखी काढीन. सोडा."

अण्णांनी हात सोडला. सिस्टरनी प्लग उपटला.

६

हिरवा दिवा विझला. अण्णांनी मशीन उचलून टेबलाजवळच्या पॉइंटला लावलं, नळी सिस्टरच्या नाकाशी दिली. फस्स. मग शांतता. मग पुन्हा फस्स. प्रत्येक श्वासाला एकच. पाच मिनिटांत आकडा नव्वदवर आला आणि ओठ पुन्हा जांभळट झाले. सिस्टर टेबलाशी डोकं टेकून, डोळे मिटून बसल्या. त्या रडत होत्या की दमल्या होत्या, ते पाठमोऱ्या बसल्यामुळे अण्णांना दिसलं नाही.

ते पलंगावर गुडघे टेकून बसले. भिंतीतून आता कसलाच आवाज येत नव्हता.

त्यांना बघायचं नव्हतं. तरीही त्यांनी स्क्रू काढले, कारण न बघता पुढे तिथे रोज उशी ठेवणं त्यांना जमलं नसतं. पट्टी बाजूला केली, टॉर्च पेटवला आणि भोकाला डोळा लावला.

आधी फक्त राखाडी उजेड. धुक्यासारखाच, पण आतला. मग नजर बसली. भोकाच्या अगदी समोर एक तोंड होतं, उघडं, हनुवटी वर केलेली. अण्णांनी अपघातातली माणसं बघितली होती. हे तोंड आता श्वास घेत नाही, हे कळायला त्यांना नर्स लागली नाही.

त्या माणसाच्या काखेत मागून दोन हात आले. घाई नव्हती. ज्यांना या कामाची सवय आहे, अशा हातांनी त्याला अलगद मागे ओढलं. डोकं एका बाजूला कललं, तर कुणी तरी ते सावरलंसुद्धा. मागे आणखी माणसं होती. एकामागे एक, उभी. ती ओळ कुठवर गेली होती, ते त्या उजेडात दिसत नव्हतं.

मग त्यांनी पुढच्याला आणलं. खाली बसवलं. हनुवटीखाली हात देऊन त्याचं तोंड भोकाशी नीट लावलं.

अण्णांनी पट्टी बसवली. स्क्रू बसेनात. शेवटी चिकटपट्टीचं आख्खं बंडल त्यांनी त्यावर चिकटवून टाकलं, आडवं, उभं, आणि वर उशी उभी केली. उशीच्या पलीकडून, अगदी सावकाश, कुणी तरी पहिला श्वास घेतल्यासारखं वाटलं. वाटलं असेल.

"काही दिसलं?" सिस्टरनी मान न वळवता विचारलं.

"लाकूड आहे नुसतं," अण्णा म्हणाले.

७

तीनला धुकं विरळ झालं आणि त्यांनी गाडी काढली. उतारावर अण्णांनी एकदाही आरशात बघितलं नाही, जे त्यांच्या नोकरीच्या काळात शिक्षेला पात्र ठरलं असतं.

पुढच्या आठवड्यात मेहुणा हत्यारांची पिशवी घेऊन आला. न्यूट्रलचं काम बघून "दाजी, तुम्ही लाइन चुकलात, वायरमन व्हायचं होतं" म्हणाला. मग पलंगाजवळच्या चिकटपट्टीच्या गाठोड्याकडे बोट दाखवून त्यानं विचारलं, "हा पॉइंट चालू करून देऊ का? दहा मिनिटांचं काम आहे. ताईला सोयीचं पडेल."

"नको."

"अहो, पण पलंगापर्यंत वायर लोंबकळत..."

"नको म्हटलं ना."

अण्णा इतक्या जोरात कधी बोलत नसत. मेहुण्यानं बहिणीकडे बघितलं. सिस्टरनी मानेनंच त्याला गप्प राहायला सांगितलं. महिन्याभरात अण्णांनी ती गाडी भंगारात दिली. चांगली चालती गाडी. विकत घ्यायला माणसं आली होती, त्यांना परत पाठवलं. समोर उभं राहून तिचे तुकडे करवून घेतले, आणि पलंगाकडची भिंत कापताना मात्र बाहेर जाऊन उभे राहिले.

मग दोघं तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आले. सिस्टरचा आकडा एकोणनव्वद झाला, पुढे सत्त्याऐंशी. त्यांनी तक्रार केली नाही. फक्त अधूनमधून, दुपारी, अण्णा त्यांचे केस विंचरत असताना त्या विचारायच्या. आठवड्यातून एकदा तरी.

"अहो, तो वाचला असेल ना?"

"वाचला असेल."

"मी वेळेत काढला ना प्लग?"

अण्णा फणी केसांत तशीच धरून क्षणभर थांबत. मग भांग सरळ करत म्हणत, "अगदी वेळेत."